मागच्या पानावरचे तिरंदाज

अनघाने मीटिंग रूमचं दार आतून लावलं आणि लॅपटॉप विक्रांतसमोर सरकवला.

"हे सैन्याच्या हजेरी-यादीचं मागचं पान. आधीच्या स्कॅनमध्ये आलंच नव्हतं. आज सकाळी मिळालं."

१४१५ साली फ्रान्सवर निघालेल्या एका इंग्रज सरदाराच्या तुकडीची ती यादी. पुढच्या पानावर निम्मे चिलखती योद्धे, निम्मे तिरंदाज. मागचं पान नुसत्या तिरंदाजांनी भरलेलं.

"म्हणजे?"

"एका चिलखती माणसामागे तीन तिरंदाज. आपण निम्मे-निम्मे दाखवलेत. चूक माझी आहे, विक्रांत."

परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या विक्रांतच्या त्या लहानशा ॲनिमेशन स्टुडिओत इतिहास बघणारी ती एकटीच. तिच्या आकड्यावर विसंबून नीलने दोन महिने खपून, संग्रहालयाच्या भिंतीवर दिसणार असलेलं ते सैन्य एकेका चिलखतासह उभं केलं होतं. संग्रहालयाच्या मिसेस लिम दहा मिनिटांत ते बघायला येणार होत्या.

"कोण मोजत बसणार आहे?" विक्रांतने लॅपटॉप मिटला. "आज गप्प राहा. तुझ्या वर्क पासचं, इथल्या नोकरीच्या परवान्याचं, रिन्यूअल आहे ना या महिन्यात?"

त्याचा आवाज चढला नव्हता. अनघाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

मिसेस लिम आल्या. पडद्यावर सैन्य चालू लागलं. चिलखतं लखलखली. त्या हरखून बघत राहिल्या, मग सहज वळून म्हणाल्या, "हे प्रमाण नक्की ना? शाळेची मुलं येतील, म्हणून विचारते."

विक्रांतने तोंड उघडलं, पण अनघा आधी बोलली.

"नाही. तिरंदाज तिप्पट हवेत. यादीचं मागचं पान बघायचं माझ्याकडून राहिलं."

मिसेस लिमनी चष्मा काढून पुसला.

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"उद्घाटन पुढे ढकलावं लागेल," त्या म्हणाल्या. "बघते."

त्यांना खाली सोडून दोघं लिफ्टने परत वर निघाली. विक्रांत बंद दाराकडे बघत होता.

"तुझ्या पासचा अर्ज मी कालच पाठवला," तो म्हणाला. "आज पाठवला असता की नाही, माहीत नाही."

नीलच्या मजल्यावर लिफ्ट थांबली. विक्रांत जागचा हलला नाही. ती एकटीच उतरली आणि भरभर चालत नीलच्या टेबलाशी गेली.

"नील, जरा हात थांबव," खुर्ची ओढून ती त्याच्याशेजारी बसली. "तुला एक सांगायचंय."