आत्याची सही

गिरगावातलं घोन्साल्वीसांचं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा बिल्डरच्या वकिलाला एक जुना कागद सापडला. १९७४ सालचं बक्षीसपत्र. ग्रेसीच्या आत्याने, म्हणजे सिस्टर अग्नेसने, घरातला आपला अर्धा हिस्सा सिस्टरांच्या संस्थेला देऊन टाकला होता. महिन्याभरात संस्थेची नोटीसही आली.

"सही जबरदस्तीने घेतली, एवढं आत्याने लिहून द्यावं," ग्रेसीचा भाऊ सावियो म्हणाला. "तुझं ती ऐकेल."

वकिलाने मसुदा करून दिला. तो घेऊन ग्रेसी दादरला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात गेली. अठ्ठ्याऐंशीची आत्या खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. तिने हात पुसले, कागद सावकाश वाचला.

"जबरदस्ती झाली होती गं. पण ती आधी. एकोणीस वर्षांची होते मी, लग्न करणार होते. तुझा बाप आमच्या पप्पांना म्हणाला, लग्न झालं तर जावई घरात वाटा मागेल, सिस्टर झाली तर कोण मागणार? दोघांनी टॅक्सीत घालून सिस्टरांकडे आणून सोडलं मला. पप्पा निदान रडले तरी."

आत्याने कागद मांडीवर ठेवला.

"पप्पा गेले, तसा तुझा बाप हक्कसोडपत्र घेऊन आला. म्हणाला, तुला घर काय करायचंय? पुढच्याच आठवड्यात मी संस्थेला लिहून दिलं. मदर नको म्हणत होत्या."

"पण आत्या, आम्ही काय केलं?"

"काही नाही केलंत." आत्याने कागद परत दिला. "तरी मी खोटं लिहून देणार नाही."

मग सावियोने दुसरा रस्ता काढला. सही जबरदस्तीने घेतल्याचा दावा लावायचा, आणि आत्याला भ्रम झालाय, तिची साक्ष धरू नका, असं कोर्टात सांगायचं. ग्रेसीने तसं प्रतिज्ञापत्र दिलं. सही करताना तिने मजकूर वाचलाही नाही.

कोर्टाने डॉक्टर पाठवले. आत्याने वार, तारीख, आईबापांची नावं घडाघडा सांगितली. दाराशी उभ्या असलेल्या ग्रेसीकडे बोट करून डॉक्टरांनी विचारलं, "ह्या कोण?"

"माझी भाची. मी वेडी आहे असं हिनेच लिहून दिलंय."

दावा फेटाळला गेला. अर्धं घर संस्थेला गेलं.

जूनमध्ये आत्या वारली. चॅपेलमध्ये ग्रेसी अगदी मागच्या बाकावर बसली. शवपेटी उचलण्याआधी एका तरुण सिस्टरने विचारलं, "घरचं कुणी आलंय का?"

ग्रेसी मान खाली घालून बसून राहिली.