ओळीचा शेवटचा शब्द

"मी आरोपीला तिथे पाहिले नाही," असं सासूबाईंनी टाइप केलं आणि त्याच दमात ओळ बदलायचं बटण दाबलं. पडद्यावर उरलं : मी आरोपीला तिथे पाहिले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

"अगं, माझं 'नाही' कुठे गेलं?"

सून ओटा पुसायचं सोडून ओल्या हातांनीच आली. जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप मांडलेले होते. तिन्हींची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, पण प्रोग्राम एकच. कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घ्यायला तिच्या कंपनीने बनवलेला. तो तिन्हीकडे सारखाच चालतो की नाही, हे पाहायचं तिचं काम. आणि गेले तीन आठवडे ती तेच करत होती. सासूबाई एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. रविवारची सकाळ रिकामी होती म्हणून त्या सहज खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"परत करा बघू."

त्यांनी परत केलं. पहिल्या लॅपटॉपवर ओळ पूर्ण उमटली, दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर शेवटचा शब्द हातावर तुरी देऊन पसार झाला. मग सुनेने स्वतः टाइप केलं, तर सगळं जागच्या जागी. तिला कळायला वेळ लागला नाही. तिची चार बोटं अडखळत चालायची. शब्द संपल्यावर ती नकळत क्षणभर थांबायची आणि तेवढ्यात तो शब्द जागेवर बसायचा. सासूबाई थांबतच नव्हत्या. आणि कोर्टातल्या सगळ्या यंत्रांवर होती ती हीच तिसरी सिस्टिम.

"ध चा मा करायला निदान माणूस तरी लागतो," सासूबाई म्हणाल्या. "हे तर आपोआपच करतंय."

सोमवारी सुनेने ऑफिसात साहेबांना दाखवलं. साहेब खुर्चीत मागे रेलून पाहत राहिले.

"किती दिवसांचं काम आहे हे?"

"मुळापासून बघावं लागेल. दीड महिना तरी."

"कोर्टातलं प्रात्यक्षिक गुरुवारी आहे." त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं, काढलं. "असं करा. माहितीपत्रकात एक ओळ घाला : 'ओळ बदलण्यापूर्वी क्षणभर थांबावे.' आणि अहवालात तिन्हीकडे 'चालतो' लिहा. थांबलं की चालतोच ना?"

तिने लॅपटॉप मिटला.

"आणि प्रात्यक्षिकाला तुमच्या सासूबाईंनाच आणा. कोर्टातला मुरलेला हात. त्यांनी टाइप केलं म्हटल्यावर कुणी शंका काढणार नाही. फक्त थांबायला सांगून ठेवा."

बुधवारी कपड्यांच्या घड्या घालताना तिने विषय काढला.

"आई, उद्या ओळ संपली की जरा थांबाल?"

"साक्षीदार थांबतो का?"

"तेवढ्यापुरतं. तसं सांगितलंय मला."

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. त्या वाद घालतील असं सुनेला वाटलं होतं. घालावा, असंही कुठेतरी वाटत होतं.

"बरं. थांबेन," त्या म्हणाल्या.

गुरुवारी कोर्टाच्या सभागृहात पंधरावीस माणसं होती. मध्ये कोर्टाचे प्रबंधक, सडसडीत, मनगटावरचं घड्याळ सारखं बघणारे. साहेबांनी सासूबाईंची ओळख करून दिली. "आमच्या मावशी, या क्षेत्रात अख्खी हयात घालवलेल्या."

"मी यांची मावशी नाही," सासूबाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. दोघंतिघं हसले.

प्रबंधकांनी एक जुनी, अकरा पानांची जबानी वाचायला घेतली. सासूबाईंची बोटं प्रबंधकांच्या तोंडातून शब्द सुटायच्या आधीच पळत होती. पहिलं वाक्य संपलं. सासूबाईंनी दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थांबले."

मग ओळ बदलली.

दुसरं वाक्य. हात मांडीवर. "थांबले."

तिसऱ्या वेळी प्रबंधकांनी कागद खाली केला. "बाई, मध्येच का थांबता?"

"थांबायला सांगितलंय."

"कुणी?"

सासूबाई समोरच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. साहेब हसत हसत पुढे झाले. "सवयीचा भाग आहे साहेब, नवीन प्रोग्राम म्हटला की..."

"मी सांगितलं," सून म्हणाली.

आपला आवाज तिला अनोळखी वाटला. ती भिंतीजवळून पुढे आली. तिने टेबलाची कड धरली.

"न थांबता ओळ बदलली तर शेवटचा शब्द गळतो. बाकी दोन सिस्टिमवर गळत नाही, पण तुमच्याकडे आहे तिच्यावर गळतो. आई, आता थांबू नका."

सासूबाई थांबल्या नाहीत. प्रबंधक वाचत गेले आणि बोटं धावत राहिली. चार वाक्यांनंतर प्रबंधक पडद्याजवळ गेले आणि मनातल्या मनात ओठ हलवत वाचू लागले. जबानीतल्या माणसाने सही केली नव्हती, पैसे घेतले नव्हते, तो त्या घरात गेला नव्हता. पडद्यावरच्या माणसाने सगळं केलं होतं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" प्रबंधकांनी तिला विचारलं.

"रविवारपासून."

"आणि यांना?" त्यांनी साहेबांकडे बोट केलं.

"सोमवारपासून."

प्रबंधकांनी समोरची फाइल मिटली. "दुरुस्त झालं की या. टाइप आमच्याच टायपिस्ट करतील." जाताना ते सासूबाईंपाशी क्षणभर थांबले, मान किंचित लववली आणि निघून गेले.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"सगळ्यांसमोर नाक कापलंत. तो अहवाल अजून माझ्याकडे आलेला नाही. काय लिहिणार आहात त्यात?"

"दोन ठिकाणी चालतो. तिसऱ्या ठिकाणी चालत नाही."

"मग या कामावर तुम्ही राहणार नाही. नीट विचार करा. उद्या बोलू."

"विचार करून झालाय," ती म्हणाली.

साहेब ताडताड जिना उतरून गेले. सासूबाई पिशवीत चष्म्याची डबी शोधत होत्या.

"आई, तुम्ही सरळ त्यांचं नाव का नाही घेतलंत?"

"मी कशाला घेऊ? तपासायचं काम तुझं." डबी सापडली. "मला वाटलं, तू गप्प बसलीस तर अकरा पानं 'थांबले, थांबले' करत बसावं लागतंय की काय."

सून हसली, आणि मग तिला डोळे पुसावे लागले.

सकाळी ती तिघं साहेबांच्याच गाडीतून आली होती. आता साहेब गाडी चालू करून, समोर बघत, स्टिअरिंग धरून बसले होते. निघून जावं की थांबावं, हे त्यांचं ठरत नसावं. सून पायरीवरच घुटमळली.

"आपण बसने जाऊ," ती हळूच म्हणाली.

"का म्हणून?"

सासूबाईंनी पदर खोचला, आवार ओलांडलं, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि साहेबांच्या शेजारी बसून पट्टा लावून घेतला.