पाव्हण्यापुढं पाय

भिवराबाईच्या घरी पाव्हणा यायचा म्हटलं की आधी अंगण झाडायचं, मग नवऱ्याला धुतलेला सदरा चढवायचा. मग तो पाव्हणा फोनातून का येईना. दर मंगळवारी सरकारी दवाखान्याची आशाताई उज्ज्वला मोबाइल घेऊन यायची आणि त्यात शहरातली डॉक्टरीण दिसायची. नवऱ्याला, त्रिंबकला, साखरेचा आजार, उजव्या अंगठ्याला महिन्याची जखम. लेक भागवत सुनेला घेऊन ऊसतोडीला गेलेला. पाय वाचवायचा तर एकट्या भिवराबाईनंच.

त्या मंगळवारी तिनं पट्टी सोडली तर अंगठा काळा ठिक्कर, वरून कोरडा.

"खपली धरली," ती म्हणाली. "दुखतंय का?"

"काईच कळंना," त्रिंबक म्हणाला.

"मग सुकतोय."

वास मात्र मेल्या उंदरासारखा येत होता. उभ्या जन्मात तिच्या घराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं विस्तवावर मूठभर ऊद टाकला.

"मामी, आज कसला सण?" उज्ज्वलानं दारातच विचारलं.

"तुमच्यात सणालाच ऊद जाळत्यात का गं? बस."

फोनात डॉक्टरीण आली. "बाबा जेवतात का?"

त्रिंबकनं तोंड उघडलं, पण उत्तर भिवराबाईनं दिलं. "दोन भाकरी खात्यात."

तीन दिवस तो वाटीभर पेजेवर होता. पण नवरा जेवत न्हाई असं परक्या बाईला सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या चुलीला बट्टा लावायचा.

"पाय दाखवा बरं."

त्रिंबकचे पाय वाकळेखाली दुमडलेले होते. तिनंच दुमडले होते. "बाई, तुमी लेकीच्या वयाच्या. पाव्हण्यापुढं पाय पसरायची आमच्यात रीत न्हाई."

"आजी, मी पाहुणी नाही, डॉक्टर आहे."

"घरात आलं ते पाव्हणंच. खपली धरलीय, कशापायी काळजी करता?"

"ताई, वास येतोय का?"

उज्ज्वलानं हुंगलं. "उदाचा येतोय, मॅडम."

डॉक्टरीण हसली. तिकडं तिला कुणीतरी हाक मारली. "पुढच्या वेळी नक्की दाखवा," म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी त्रिंबक तापानं बरळू लागला. गावातल्या रहीमच्या जीपमधून शहरात नेला. पाय गुडघ्याच्या वरून कापला. मोठा डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "तीन दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं."

भागवत उसाच्या फडावरून धावत आला. "आई, फोनवर तू तर म्हनलीस सुकलाय."

 

महिन्यानं त्रिंबक घरी होता, तोंड भिंतीकडं करून. भागवत फडावर परतला होता. मंगळवारी उज्ज्वला आली तेव्हा घरात उदाचा धूर नव्हता. अंगणही झाडलेलं नव्हतं.

"बाबा जेवतात का?" फोनातून विचारणा झाली.

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "चतकोर बी न्हाई. मी वाढलेलं ताट जसंच्या तसं परत येतंय."

मग तिनं वाकळ ओढून फेकली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता. पहाटे तेल लावताना तो तिच्या बोटाला ओलसर लागला होता.

"राहू दे की," त्रिंबक पाय आखडत म्हणाला. "बाईमानसापुढं..."

"गप बसा." तिनं घोटा धरून पाय सरळ फोनापुढं आणला. "बघा बाई. नीट बघा. उज्ज्वले, नाक लाव, अन् वास हाय का सांग. माझं नाक आता खरं धरू नगंस."

उज्ज्वला वाकली. उठली तेव्हा पदर नाकाला होता.

"आजच आणा," डॉक्टरीण म्हणाली. "आत्ता."

"रहीमला फोन लाव," भिवराबाईनं सांगितलं.

त्रिंबकनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड इकडं केलं. "आता ह्यो बी नेत्यात का?"

तो पाय मागं ओढू पाहत होता. जीप दारात येईपर्यंत तिनं घोटा सोडला नाही.