मोहाखालची राख

नियम मीच करवून घेतला होता, तोही ग्रामसभेत सगळ्यांशी भांडून. गावाच्या ताब्यात आलेलं जंगल राखायचं, तर फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, तो जाळायचा नाही, झाडून काढायचा. जो जाळेल त्याचं झाड यंदा दुसऱ्या घराला. आमच्याकडे जंगलातले मोह घराघरांत वाटलेले आहेत. कागदावर कुठंच नाव नसतं, पण कोणाचं झाड कोणतं हे शेंबडं पोरही सांगेल. झाड काढून घेणं म्हणजे चारचौघांत नाक कापणं.

आणि पहिली आग लागली ती आमच्याच झाडाखाली. आम्ही बायांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवली, पण तोवर उतारावरची ऐनाची कोवळी रोपं गेली होती. गुरं हाकून हाकून ती आम्ही वाढवली होती. मला रडू आलं आणि पाठोपाठ संताप. कारण त्या दुपारी तिकडे माझी सासू, बायाबाई, एकटीच गेली होती.

सासू महाहट्टी. आमचं भाजीतल्या मिठावरूनही कधी पटलं नाही. सुनेचा नियम म्हणून हिने मुद्दाम मोडला, याबद्दल मला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती टोपली घेऊन निघाली, तशी मीही मागोमाग गेले. भांडायलाच.

जळलेल्या जागेवर पहाटेची फुलं पडली होती. सासू ती भराभर वेचत होती. राखेपलीकडच्या पाचोळ्यात मात्र तिचा हात चाचपडू लागला. एक टपोरं फूल बोटांपासून वीतभर अंतरावर होतं आणि ती त्याच्या आजूबाजूची पानं दाबत बसली. मी भांडण विसरून पुढे झाले.

"माय, तुमाले दिसत नाई काय?"

तिने आधी मला घरी जायला सांगितलं, स्वयंपाकाची आठवण करून दिली. मग तिथंच बसली.

"काया राखीवर फूल दिसते मले. पानायत नाई दिसत. तुले सांगतलं असतं, त तू मले घरी बसवून टाकली असती."

बसवलंच असतं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ग्रामसभा बसली. कोणा वाटसरूच्या बिडीवर ढकलून मोकळं होता आलं असतं, दोघीतिघींनी तसं सुचवलंही. मी उठले, पण जीभ उचलेना. शेजारी सासू गुडघ्यावर हात टेकत उभी राहिली.

"रंजूच्यानं बोलनं होऊन नाई राहिलं. आग म्या लावली."

नियमाप्रमाणे झाड शेजारच्या मालनबाईला गेलं. नवी नवरी होती तेव्हापासून त्या झाडाखाली वेचणारी माझी सासू घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. जेवलीही नाही. तिच्यावर माझा जीव आहे हे मला त्या रात्री कळलं, आणि कळलं ते फारच उशिरा कळलं.

मी मालनबाईकडे जाऊन एकच मागणं मागितलं: फुलं सगळी तुझी, पण वेचू दे तिला. ती बिचारी संकोचली, पण हो म्हणाली. भल्या पहाटे, फुलं गळायला लागायच्या आत, मी एकटीच जाऊन झाडाखालची सगळी जमीन मातीपर्यंत लख्ख झाडली. मग घरी येऊन सासूला ओढतच नेलं. परक्याच्या झाडाखाली कायले जाऊ, म्हणून वाटभर कुरकुरली. पण मातीवरची फुलं दिसताच खाली बसून वेचू लागली. टोपली भरली, तशी मालनबाईच्या टोपलीत रिकामी केली. मालनबाई ओंजळभर परत द्यायला लागली, तर हिने हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळून, त्या कोपऱ्यातली पानं राहिली म्हणाली. मी ती झाडली.

साकोलीच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन हंगाम संपल्यावर, हे मात्र तिनेच त्यांना सांगितलं.

त्या हंगामात एकदा मला पहाटे जाग आली नाही. धडपडत बाहेर आले तर सासू दारात उभी. काखेत टोपली, हातात माझा खराटा. जन्मात कधी कोणासाठी न थांबलेली ती बाई माझी वाट पाहत होती.