साहेबांच्या चेहऱ्यामागची जाहिरात

मी एक जुनी काचपेटी आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखी वस्तू पाहिली नसेल. वर दुधी काच, काचेखाली दिव्यांच्या तीन नळ्या आणि खाली चार लाकडी पाय. माझी काच लाइपझिगहून जहाजाने आली. पाय दमास्कसच्या एका सुताराने लावले आणि त्यातला एक आखूडच ठेवला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून मला आमच्या सरकारी दैनिकाच्या पानं लावायच्या खोलीत उभं केलं.

दैनिक देशात एकच उरलं होतं, बाकीची केव्हाच बंद केली होती. त्यामुळे त्याला चांगलं लांबलचक नाव असूनही लोक नुसतं 'जरीदा' म्हणायचे, म्हणजे वर्तमानपत्र. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल जरीदात यायचा तेव्हा हौरानच्या खेड्यांतले बाप पहाटेच्या बसने येऊन आमच्या दारात उभे राहत. पावाचा भाव, बदल्या, नवे कायदे, मेलेली माणसं, सगळं आमच्याकडे. जरीदात आलं ते खरं, नाही आलं ते घडलंच नाही, असा कारभार होता. कोर्टातसुद्धा आमचंच कात्रण पुरावा म्हणून चाले.

पहिल्या पानावर रोज राष्ट्रप्रमुखांचा, म्हणजे साहेबांचा, फोटो असे. फलाफलवाला वडे बांधायला रद्दी घ्यायचा, पण पहिलं पान आधी काढून नीट घडी घालून ठेवायचा. साहेबांच्या गालाला तेल लागलं आणि कुणी चुगली केली तर? माझं काम याच भीतीतून निघालं. कागद पातळ होता. उजेडाला धरला की दुसऱ्या पानावरचं काळं चित्र पहिल्या पानावर उमटायचं. म्हणून रोज दुपारी चार वाजता दोन्ही पानांच्या फिल्मा, म्हणजे छपाईआधीच्या पारदर्शक प्रती, एकावर एक माझ्यावर ठेवत, दिवे लावत आणि साहेबांच्या चेहऱ्यामागे काय येतं ते बघत. मयताची चौकट नको, बुटांची जाहिरात नको. एकदा ढेकूण मारायच्या औषधाची जाहिरात नेमकी कपाळामागे आली होती.

तपासणीचे प्रमुख उस्ताद अदीब माझ्या काचेवर थाप मारून म्हणायचे, "ही बया आहे म्हणून आपली डोकी धडावर आहेत." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आज ते सांगायची लाज वाटते, पण वाटायचा हे खरं.

पानं लावायचं काम नौफलकडे होतं. त्याची बोटं हलकी आणि जीभ तिखट. मंत्र्यांचे फोटो चिकटवताना तो पुटपुटायचा, "या, बसा. तुम्हाला काय, बसायचीच सवय."

नौफलच्या शेजारी सौसन नावाची बाई राहायची. तिचा नवरा मुंजिद भूगोलाचा मास्तर. एका संध्याकाळी दोन माणसं त्याला घेऊन गेली होती. "पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाली होती. त्या पाच मिनिटांना चार वर्षं झाली. मुलगी लमीस नऊ वर्षांची. तिच्या काळजाला भोक होतं आणि शस्त्रक्रिया फक्त अम्मानला होणार होती. मुलीला देशाबाहेर न्यायचं तर बापाची सही लागते. बाप नसेल तर तो बेपत्ता असल्याचा कोर्टाचा कागद लागतो. आणि त्या कागदासाठी जरीदात तीन वेळा जाहिरात यावी लागते, तिसऱ्यांदा फोटोसकट.

आमच्या जाहिरातीच्या खिडकीवर मदाम रुवैदा बसत. त्यांनी सौसनचा अर्ज वाचला आणि परत सरकवला. "बाई, आपल्या देशात कुणी बेपत्ता नसतं. तुमच्या नवऱ्याने कुठेतरी दुसरा संसार मांडला असेल, शोधा."

हे नौफलच्या कानावर गेलं. हरवलेल्या शिक्क्यांच्या आणि ओळखपत्रांच्या बारीक जाहिरातींमध्ये त्याने मुंजिदची चार ओळींची जाहिरात दडपून दिली. एकदा गेली. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्या वेळी फोटो होता. तो त्याने दुसऱ्या पानावर, साहेबांच्या फोटोपासून चांगला चार बोटं लांब लावला. मी मनात म्हटलं, सुटली पोर.

साडेतीनला वरून फोन आला. कुणी परदेशी पाहुणे आले होते, साहेबांचा फोटो दुप्पट करा. दुप्पट केल्यावर चेहरा सरकला तो थेट मुंजिदच्या चौकटीवर. जाहिरात हलवायची तर अदीबना विचारावं लागणार, आणि विचारलं की ते वाचणार. नौफलने दोन्ही फिल्मा माझ्यावर मांडल्या. मग चहाचा भरलेला पेला त्याने माझ्या काचेवर, बरोबर त्या जागी ठेवला.

उस्ताद अदीब आले. "दिवे लाव रे."

"आधी चहा घ्या उस्ताद, गार होईल."

"चहा काय पळून चाललाय? लाव."

माझे दिवे लागले. अदीब वाकून एकेक कोपरा बघत आले आणि थबकले.

"हा पेला कुणाचा?"

"माझाच."

"गाढवा, कुठे ठेवलायस बघ तरी! साहेबांच्या तोंडावर पेला? घरी बायकापोरं आहेत ना तुला?"

आणि त्यांनी पेला उचलला. दुसऱ्या कुठल्याही देशात काचेवरचा पेला कुणी उचलला नसता हो. खाली एकाच चेहऱ्यात दोन चेहरे दिसत होते. साहेबांच्या गालांवर मुंजिदमास्तरांचे डोळे आले होते.

अदीबनी पेला स्टुलावर ठेवला. "हे काय केलंस रे नौफल? कोण लागतो हा तुझा?"

"शेजारी."

"शेजाऱ्यासाठी?"

"पोर मरेल उस्ताद. आजचा एक दिवस जाऊ द्या. तुमच्या पाया पडतो."

अदीब वाईट नव्हते. "मी नाही कळवलं तर उद्या माझ्याबद्दल कुणीतरी कळवेल," ते म्हणाले. "तुझं पाच मिनिटांचंच काम असेल. मी सांगेन त्यांना तसं." आणि त्यांनी फोन उचलला.

मला दिवे विझवता आले नाहीत. मित्रांनो, इतकी वर्षं माझा एखादा दिवा अधूनमधून रुसायचा, त्या दिवशी तिन्ही लख्ख जळत होते. नौफल परत आला नाही. चौकटीच्या जागी कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात गेली, आणि मला अपशकुनी ठरवून तळमजल्यावर जाहिरातीच्या खिडकीजवळ नेऊन टाकलं. दिवे काढून घेतले. आता लोक माझ्यावर अर्ज भरतात.

पुढच्या हिवाळ्यात सौसन तिथे आली. लमीस गेली होती. मयताच्या जाहिरातीला आमच्याकडे कधीच नकार नसे. रुवैदांनी अर्ज माझ्या काचेवर ठेवला आणि विचारलं, "कळवणारे कोण?"

"मी. आई."

"तसं नसतं हो. लेकराच्या मयताला बापच कळवतो, रीत आहे. बापाचं नाव?"

"मुंजिद."

"झालं तर मग."

दुसऱ्या दिवशी छापून आलं की लमीसचे वडील मुंजिद आपल्या लाडक्या कन्येच्या निधनाची वार्ता अत्यंत दुःखाने कळवत आहेत. साहेबांच्या चेहऱ्यापासून पुरेशी लांब होती ती चौकट.

चाळीस दिवसांनी सौसन कोर्टाचा कागद घेऊन आली. नवरा बेपत्ता ठरवण्याचा तिचा अर्ज निकाली निघाला होता. बाप बेपत्ता नाही, त्याने स्वतः जरीदात जाहिरात दिली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"दुरुस्ती छापा," ती म्हणाली. "तो आला नव्हता. मातीलासुद्धा नव्हता."

"जरीदात दुरुस्ती येत नाही, बाई. चूक झाली तर येईल ना?" रुवैदा म्हणाल्या. "छापलंय तर असेल. घरी जाऊन बघा."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मला जपू नका. माझी काच फोडलीत तरी मी काही म्हणणार नाही. पण सौसन अजून दर गुरुवारी येते आणि दुरुस्तीचा तोच अर्ज माझ्यावर कोपर टेकून उभ्याने भरते. तिचे गुडघे आता दुखतात. कुणीतरी तिला एक खुर्ची आणून द्या.