कार्ब्युरेटरच्या पोटातली अक्षत

मित्रांनो, मी एक जुना कार्ब्युरेटर आहे. नाव अवघड वाटलं तर 'कारबोटर' म्हणा, नागपूरचे मिस्त्री तसंच म्हणतात. मोटारीच्या इंजिनावर माझी जागा असते. टाकीतून आलेलं पेट्रोल आणि बाहेरची हवा यांचं बरोबर मिश्रण करून इंजिनाला द्यायचं, हे माझं काम. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर सोडते. कमी पडलं तर गचके खाऊन बंद पडते. त्यामुळे मला सारखी काळजी लागून असते. आपलं काही चुकलं तर गाडीत बसलेल्या माणसांचं काय होईल, हा विचार माझ्या मनातून कधी जात नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातल्या एका कारखान्यात झाला. एका लष्करी गाडीवर बसून मी कामठीच्या छावणीत आलो. लढाई संपली, गाड्या लिलावात निघाल्या आणि त्यांचे तुकडे झाले. मी नागपूरच्या इतवारीत धोंडबा भंगारवाल्याच्या दुकानी पोचलो. तिथे त्याने मला तारेला टांगून ठेवलं. बाहेर हातगाड्यांचा गोंगाट चाले. गिऱ्हाईकं मला हातात घेत, उलटंसुलटं करून पाहत आणि परत टांगत. माझ्या बाजूचे पंखे, दिवे, हॉर्न विकले गेले. मी मात्र तसाच लटकत राहिलो. आता आपल्याला वितळवणार, असं रोज वाटायचं.

एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी चंपतराव दुकानात आले. सोबत शालिकराम मिस्त्री होते. चंपतराव मँगनीजच्या एका खाणीत साहेबांचे ड्रायव्हर होते. साहेबांची आठ सिलिंडरची जुनी गाडी बंद पडून होती, ती त्यांनी निवृत्तीनंतर स्वस्तात घेतली होती. तिचा कार्ब्युरेटर हरवला होता आणि मॅनिफोल्ड फुटला होता. मॅनिफोल्ड म्हणजे माझ्यातलं मिश्रण सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारी लोखंडी नळ्यांची जोडणी.

धोंडबाने दोन माल पुढे ठेवले. एक मॅनिफोल्ड दोन बैठकींचा होता. त्यावर ट्रकचे दोन मोठे, चकचकीत कार्ब्युरेटर होते. दुसरा साधा, एका बैठकीचा. त्याची भेग पितळेने सांधलेली होती, आणि त्यावर बसायला मी एकटा.

"हे जोडी घ्या मालक," धोंडबा म्हणाला. "गाडी विमानावाणी पळते का नाही पाहा."

चंपतरावांचे डोळे चमकले. "शालिकराम, दोन लावले तं घाट कसा चढल पाय."

"दोन तोंडं म्हणजे दोनदा जेवण," मिस्त्री म्हणाले. "तुह्याच्यानं पुरवणं होईन का? अन् हे ट्रकचे आहेत. हळू चालवलं का धूर सोडतीन. वहिनीले धूर चालते का, सांग."

चंपतरावांनी ती जोडी बाजूला सारली. त्यांच्या पत्नी ताराबाईंना दम्याचा त्रास होता. नागपूरच्या उन्हाळ्यात तो इतका वाढे, की रात्रभर बसून राहावं लागे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळाभर यांना थंड हवेत ठेवा. ताराबाईंचा भाऊ मुकुंद चिखलदऱ्याला जंगलखात्यात होता. त्याच्याकडे त्यांची सोय होणार होती. पण एसटीतली धूळ आणि गर्दी त्यांना सोसणारी नव्हती. म्हणून ही गाडी. ऊन तापायच्या आत ताराबाईंना घाट चढवून वर पोचवायचं होतं.

"बरं, हा घे लहानगा," चंपतराव म्हणाले. "पण घाटात यानं दगा देल्ला तं तुले ढकलाले लावीन मी."

माझी निवड झाली, मित्रांनो. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला निवडलं. आनंद झालाच, पण त्या शेवटच्या वाक्याची धास्ती मोठी होती.

मिस्त्रींनी मला रॉकेलने धुतलं. तारेने माझी भोकं साफ केली. इंजिन चालू झालं तेव्हा त्याचा आवाज इतका मऊ होता, की ताराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आवाज तं चांगला करून राहिली हे," त्या म्हणाल्या. ते कौतुक गाडीचं होतं, पण मी ते माझंच धरलं.

निघायच्या दिवशी सकाळी एक चूक झाली. माझ्या पोटात पेट्रोल किती साठतं ते पाहायला मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं होतं. चंपतरावांना पूजेची घाई होती.

"मुहूर्त टळून राहिला गा. सरक तिकडं."

"अरे थांब, झाकण तं लावू दे."

"देवाले झाकण लागते का?"

चंपतरावांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मूठभर अक्षता उघड्या इंजिनावर टाकल्या. त्यातला एक दाणा माझ्या पोटात पडला. तेवढ्यात ताराबाईंनी मिस्त्रींच्या हातावर पेढा ठेवला. मिस्त्रींनी तो तोंडात टाकला आणि आत न पाहता माझं झाकण आवळून टाकलं.

मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? सपाट रस्त्यावर तो दाणा तळाशी पडून राहिला. कोंढाळी गेलं, अमरावती गेली. मिस्त्री शेजारी बसले होते, चंपतराव गाणं गुणगुणू लागले. मी मात्र पुढच्या चढाचा विचार करत होतो. परतवाडा मागे पडलं आणि घाट सुरू झाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. इंजिनाने जोराने ओढलं आणि तो दाणा घरंगळत येऊन पेट्रोलच्या भोकावर बसला. गाडीने गचके खाल्ले आणि ती थांबली.

"तापला," मिस्त्री म्हणाले. नागपूरच्या उन्हात असं नेहमी होतं. पेट्रोल नळीतच उकळतं, मग नळीवर ओलं फडकं ठेवायचं. त्यांनी फडकं ठेवलं. इंजिन बंद होताच ओढ संपली आणि दाणा आपोआप बाजूला झाला. गाडी पुन्हा सुरू झाली. सगळ्यांना वाटलं, फडक्याने काम केलं. पुढच्या वळणावर ती परत थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा थोडी चाल, पुन्हा बंद. सुराहीतलं पाणी संपत आलं. ताराबाईंचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता.

"म्या म्हटलं होतं, दोन लाव," चंपतराव म्हणाले. "हा भंगारातला तुकडा लावला तू. इच्या जिवाचा सवाल होता शालिकराम."

"मले का मालूम नाही?" मिस्त्री म्हणाले. "मंग त्या दोघांनी काय केलं असतं? दोघंही तापले असते."

मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, धोंडबाने मला वितळवलं असतं तर बरं झालं असतं. मागच्या सीटवर एक बाई श्वासासाठी झगडत होती आणि कारण माझ्या पोटात होतं.

ताराबाईंनी हात वर केला. त्या एकेक शब्द बोलत होत्या. "ते तापलं नसन. तापलं असतं तं... सपाटीवरही थांबलं असतं. चढावरच थांबते. माह्यावाणी."

"तू बोलू नोको वं," चंपतराव म्हणाले.

"आयका तं. जिना चढतो तवा... मले घशात काही अडकल्यावाणी होते. बसली का मोकळं. इच्या घशात पाहा ना."

मिस्त्रींनी पाना घेऊन माझं झाकण उघडलं, पेट्रोल फडक्याने टिपून घेतलं आणि बोट आत घातलं. बोटाला हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा चिकटून आला. त्यांनी तो चंपतरावांसमोर धरला.

"घे," मिस्त्री म्हणाले. "तुहा प्रसाद."

ताराबाई हसल्या. हसताना त्यांना खोकला आला, तरी हसत राहिल्या. त्यानंतर मी एकदाही अडखळलो नाही. संध्याकाळच्या आत गाडी मुकुंदच्या दारात उभी राहिली. ताराबाईंनी खाली उतरून थंड हवेत एक श्वास घेतला. तो पूर्ण आत गेला. इंजिन बंद व्हायच्या आधी मी तो ऐकला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी त्यांना वर नेलं. निघण्यापूर्वी ताराबाई स्वतः बॉनेटजवळ येऊन विचारत, "झाकण लावलं का?" दर वर्षी चंपतराव रागावल्याचं दाखवत आणि दर वर्षी त्या हसत. माझी काळजी मात्र कमी झाली नाही. चढ आला की मी श्वास मोजून घेई, इंजिनाचा आणि मागच्या सीटवरचाही.

मग एका हिवाळ्यात गाडी सकाळी सकाळी दवाखान्याकडे धावली. माझं काम मी नीट केलं. एकही गचका बसू दिला नाही. परत येताना मागची सीट रिकामी होती.

आता चंपतराव बेसा गावात एकटे राहतात. शेताला लागून पत्र्याची शेड आहे, त्यात ही गाडी उभी आहे. ते कधी कधी शेडमध्ये येतात, मागच्या सीटवरची धूळ पुसतात आणि निघून जातात. किल्ली फिरवत नाहीत. माझ्या पोटात उरलेलं पेट्रोल आटून त्याचा चिकट थर झाला आहे. माझी भोकं बुजत चालली आहेत. लोकांना वाटतं, वस्तू वापरून झिजते. आम्ही बंद राहूनच जास्त खराब होतो. चंपतरावही हल्ली फारसे बोलत नाहीत. मला त्यांची काळजी वाटते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही कधी बेसा गावाकडे आलात, तर त्यांचं दार वाजवा. म्हणा, आजोबा, आम्हाला तुमच्या गाडीत बसायचं आहे. ते नाही म्हणतील. गाडी बिघडली आहे, असंही सांगतील. तुम्ही जाऊ नका. तिथेच उभे राहा आणि पुन्हा विचारा.