मष्णूच्या वाट्याचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. जात म्हणाल तर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तुमच्या घरातल्या दूध तापवायच्या पातेल्यासारखीच. पण माझा थाट मोठा! शहरात, टिळकवाडीत, महादेवरावांच्या दिवाणखान्यात मी काचेच्या कपाटात बसते. खाली पाटी आहे: 'जनरलसाहेबांनी भरमा हवालदारांना शौर्याबद्दल दिलेली भेट.' ती पाटी साफ खोटी आहे. कशी, ते ऐका.

कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, अंगावर खाकी बनातीची खोळ चढवली आणि ब्रह्मदेशच्या लढाईवर धाडलं. तिथे मी एका जनरलसाहेबाच्या वाट्याला आले. साहेब अंगाने काटकुळा, दाढी वाढलेली, डोळे सदा तांबडे. त्याची फौज जंगलातून शत्रूच्या पाठीमागे जायची, पूल उडवायची, रूळ उखडायची आणि झाडीत नाहीशी व्हायची. शूर होता, उगाच कशाला नाव ठेवू? सगळ्यांच्या पुढे चालायचा. पण मायेचा त्याच्याजवळ टिपूस नव्हता. खेचरं ओरडली तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून त्याने सगळ्या खेचरांच्या नरड्यातली आवाजाची शीर कापायला लावली. बिचारी पाठीवर ओझं घेऊन चढ चढताना तोंड उघडायची, आणि आत नुसती हवा.

माणसांसाठीही त्याचा एक नियम होता. ज्याला चालता येत नाही, त्याला मागे ठेवायचं. त्याच्याजवळ एक हातबाँब आणि एक भरलेली बाटली द्यायची. त्या माणसाने बाटलीची खोळ काढायची, पत्र्यावर संगिनीच्या टोकाने नाव, गाव आणि काय झालं ते कोरायचं, आणि खोळ परत चढवायची. पुढेमागे कुणाला हाडं सापडलीच, तर ती कुणाची ते कळावं म्हणून.

साहेबाचं सामान भरमा वाहायचा. हा खानापूरकडचा, रानाच्या कडेच्या गावातला. मष्णू त्याच्याच आळीतला, त्याच पलटणीतला. दोघं एका ताटात जेवायचे. मष्णूच्या खिशात घरचं पत्र होतं: मुलगी झाली, नाव नागू ठेवलं. ते पत्र त्याने भरमाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की भरमाला तोंडपाठ झालं होतं.

एका सकाळी गोळ्यांनी मष्णूचा पाय मांडीपासून चिंधडला आणि त्याच्या बाटलीचीही चाळण झाली. पुढचं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर होतं. साहेबाने आपल्या खांद्यावरून मला काढलं आणि भरमाला म्हणाला, "ही त्याला दे." साहेबाच्या हातून एवढी एकच दया झालेली मी पाहिली.

"भरमा, मला उचल की रं. गावातनं आपुन संगं आलतो," मष्णू म्हणाला.

"साहेब न्हाय म्हणतोय रं," म्हणून भरमाने मला त्याच्या छातीवर ठेवलं आणि तो निघाला.

मष्णूने लगेच संगीन घेतली. शुद्ध जायच्या आत कोरायला हवं होतं ना! 'मष्णू. खानापूर. पाय गेला.' एवढं कोरून त्याने खोळ चढवली, तोवर पाचोळा वाजला. भरमा परत आला होता. मष्णूचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! त्याला वाटलं, उचलायलाच आला.

भरमाने फक्त मला उचललं.

"एक घोट तरी ठेव रं, भरमा."

"तुला आता पाण्याचं काय करायचंय?" भरमा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, पण हात थांबला नाही. पलटण दूर गेल्यावर मागे एक धडाका झाला. कुणी वळून पाहिलं नाही.

पुढे साहेबालाच ताप भरला. त्याला एक पाऊल टाकवेना. आता तुम्हाला वाटेल, नियम तो नियम! छे! चौघांनी त्याला अकरा दिवस डोलीत वाहिलं. त्यात एक भरमा होता. तिसऱ्या दिवशी साहेबाने पाणी मागितलं, तेव्हा भरमाने मला पुढे केलं. साहेबाने मला लगेच ओळखलं.

"ही त्या माणसाजवळ होती ना?"

भरमा घाबरला. "तो पळाला साहेब, बाटली टाकून."

पायाच्या चिंध्या झालेला माणूस पळतो कसा? साहेब काही खुळा नव्हता. पण त्याला तहान लागली होती. तो घटाघटा प्यायला आणि कारकुनाला म्हणाला, "लिही, फरारी." पुढे तो इस्पितळात, पांढऱ्या चादरीत मेला. मला भरमा गावी घेऊन आला, साहेबाने दिली म्हणून सांगत.

तो एक शब्द मष्णूच्या घराला पुरून उरला. बायकोचं, यशोदाबाईचं, पेन्शन बुडालं. नवरा पळालाय म्हणजे जिवंत आहे, म्हणून तिने मरेपर्यंत कुंकू लावलं, तर बायका विचारायच्या, "कुठं लपवलाईस गं त्याला?" नागू पळपुट्याची पोर म्हणूनच वाढली, आणि तशीच ऐंशीच्या पुढे गेली. भरमाने मरेपर्यंत माझी खोळ काढली नाही. मला बघायचाही नाही तो.

यंदा गावात पलटणीतल्या लोकांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. भरमाचा नातू महादेव कमिटीचा प्रमुख. नागुबाई काठी टेकत त्याच्याकडे तीनदा आली. "बाबा, माझ्या बाचं नाव घाल की रं. मरायच्या आधी तेवढं बघू दे मला."

"आक्का, कागदात फरारी हाय. पुरावा आणा, घालतो," महादेव म्हणायचा. खोटं बोलत नव्हता तो. तेव्हा त्याला खरंच माहीत नव्हतं.

रविवारच्या कार्यक्रमासाठी त्याच्या बायकोने, प्रियदर्शनीबाईंनी, खोळ धुवायला काढली. "अहो, हे बघा!" त्यांनी अक्षरं मोठ्याने वाचली. "नागुबाईचे वडील! पळाले नव्हते हो! रविवारच्या आत दगडावर नाव घालून घ्या."

महादेवने मला त्यांच्या हातून काढून घेतलं. "आणि मग ही बाटली आमच्या आजोबांकडं कशी आली म्हणून सांगू?"

त्यांनी खोळ उचलली आणि धुवायला नेली. दुसऱ्या दिवशी महादेव मला भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे घेऊन गेला. "वरचं सगळं जाऊ दे. लख्ख कर," म्हणाला. चाक फिरलं. आधी 'पाय गेला' गेलं, मग खानापूर, शेवटी मष्णू.

रविवारी दगड बसला. त्याच्यावर माझ्यातलं पाणी गावातल्या सर्वांत वयस्क माणसाने घालायचं, असं ठरलं होतं. आणि ती नागुबाई निघाली! तिने दोन्ही हातांनी मला धरलं. माझ्या लख्ख अंगात तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

"लई चांगली जपलीया भरमाआण्णानं," ती म्हणाली. पाणी घातलं. दगडावरची नावं बोटाने चाचपत शेवटपर्यंत गेली. मग विचारलं, "बाबा, माझ्या बाचं?"

"पुरावा, आक्का," महादेव म्हणाला. आता मात्र तो खोटं बोलत होता.

नागुबाईला ऊन सोसेना. तळाशी उरलेला घोट ती तिथेच प्यायली. तो तिच्या बापाच्या वाट्याचा होता. प्रियदर्शनीबाई तोंडाला पदर लावून शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून तुम्हाला विनवतात. मी म्हणते, नका जपू. अडगळीत टाका, काळी पडू दे. पण घासायच्या आधी काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा. त्या खेचरांची नरडी साहेबाने कापली होती. तुमची कुणी कापलीय?